आधी डोकं धुवा

परीक्षकांनी सगळ्यांना हॉलबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. नोकरी सांभाळून केलेल्या सात वर्षांच्या कामाला डॉक्टरेट द्यायची की नाही, ते आता आत ठरणार होतं.

आम्रपाली गजभिये व्हरांड्यातल्या बाकावर बसून नखं खाऊ लागली. हडपसरच्या आयटी कंपनीतून तिने आठवडाभर रजा घेतली होती. प्रबंधाची तीनशे पानं तिने स्वतः टाइप केली होती. एकेक आकडा पाठ होता.

"तुझी संपली की माझी घे," शेजारी बसलेले बाबा म्हणाले.

बाबांनी, म्हणजे सुखदेवरावांनी, तीस वर्षं इस्पितळात रुग्णांच्या डोक्याला तारा चिकटवून मेंदूचे आलेख काढले. डोक्याला तेल लावून येऊ नका, असं ते रोज बजावायचे. पण मोठ्या डॉक्टरांकडे जायचं म्हणून आया पोरांची डोकी हमखास तेलाने चोपडून आणायच्या. तारा निसटायच्या, आलेखात भलत्याच लाटा उठायच्या, आणि धडधाकट पोरं वर्षानुवर्षं फिट्सच्या गोळ्या खायची. प्रबंध त्याच आलेखांवर उभा होता. तीनशे पानांचं सार एवढंच, की आधी डोकं धुवा, मग रोग शोधा.

"शेवटचं उत्तर जरा लांबलं," बाबा म्हणाले.

"काही लांबलं नाही. मस्त होतं."

"बंगळूरचे सर हसले नाहीत."

"ते स्वतःच्या लग्नातही हसले नसतील," बाकाच्या टोकाला पिशवी घेऊन बसलेली आई म्हणाली.

सकाळी विश्रांतवाडीहून निघताना आईने दोघांच्याही हातावर दही-साखर ठेवली होती. शेजारच्या मथुराबाईंनी विचारलंच, "दोघांना कशाला?" आई म्हणाली, "परीक्षा एकाची असली तरी पोटात गोळा दोघांच्या आलाय."

दार उघडलं. शिपाई कचरू हसतच बाहेर आला.

"डॉक्टर गजभिये, आत बोलावलंय."

डॉक्टर! आम्रपालीचे डोळे घळाघळा वाहू लागले. एवढा आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता. आईने पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला आणि पहिला पेढा कचरूच्याच हातावर ठेवला.

पण बाकावरून कोणी उठेचना. कचरू दार धरून उभा.

आम्रपालीने डोळे पुसले आणि बाबांच्या कोटाची कॉलर सारखी केली.

"उठा ना बाबा," ती म्हणाली, "तुम्हालाच बोलावलंय."