खालचा अर्धा गालिचा

कैरुआन शहरातल्या गालिच्यांच्या तपासनिसाने गालिचा उलटा केला, गाठींवरून बोटं फिरवली आणि दर्जाचा शिक्का न मारताच बाजूला ठेवला.

"शाद्लिया, वरचा अर्धा तुझ्या आईचा, डोळे मिटून सांगतो. पण खाली तू काय दिवे लावलेस? करडी लोकर हवी तिथं तपकिरी!"

शाद्लिया गोंधळली. विणकाम खालून वर चढतं. खालचा अर्धा विणून आई गेली होती. वरचा शाद्लियाने एकटीने पुरा केला होता. मग चुका आईच्या कशा?

शेवटच्या वर्षी आई लोकरीचा प्रत्येक गुंडा तिच्यापुढे धरायची. "सांग पाहू, रंग कुठला?"

या वयात कसली परीक्षा घेतेस, म्हणून शाद्लिया चिडायची. कधीकधी मुद्दाम भलताच रंग सांगायची.