आधी खडू, मग कात्री

मावशीच्या शिवणकामाच्या दुकानात भाचीने पहिल्याच महिन्यात तीन कापडं वाया घालवली. तेव्हापासून मावशीचं एकच पालुपद, "आधी खडू, मग कात्री. खडूची चूक झटकता येते, कात्रीची जन्मभर नडते." आज कोटाचं कापड वीतभर कमी होतं. भाचीने तीनदा आखून पुसलं, चौथ्यांदा बाह्या उलट्या मांडून कोट बसवला आणि मावशीला न विचारता कात्री चालवली. मावशी खुशीत म्हणाली, "आता माझंही कोडं सोडव. डोळ्याचं ऑपरेशन करू की नको? वर्षभर घोंगडं भिजत पडलंय." भाचीने तिला खडू दिला. "जुन्या कापडावर मधोमध रेघ ओढ. एकीकडे फायदे लिहू, एकीकडे तोटे." तीस वर्षं कापडं आखणाऱ्या मावशीने झोकात रेघ ओढली. भाचीने रेघेला पट्टी लावली. रेघ बोटभर तिरकी गेली होती. मावशी हसली. "कळलं बाई, करते."