आवाज न करणारी गाडी

"परत एकदा फाटकाबाहेर नेऊन आण," बाबा म्हणाले आणि गाड्यांकडे पाठ करून उभे राहिले.

लेकीने कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. सकाळपासून जुन्या गाड्यांच्या त्या आवारात हेच चाललं होतं. गाडी निवडताना माणूस डोळे फाडून बघतो, आणि बाबा डोळे मिटून उभे होते.

एक गाडी डिझेलची. इंजिन दणकट, पण जोर फक्त मागच्या चाकांना. सुरू झाली की ऑफिसच्या काचा थरथरायच्या. दुसरी पेट्रोलची, तितकीच म्हातारी, पण जोर चारही चाकांना. ही सुरू आहे की बंद, ते तिथल्या मेकॅनिकलाही बॉनेटवर हात ठेवून बघावं लागे.

लेक गुरांची डॉक्टर. डोंगरावरच्या गोठ्यात एखादी गाय अडली की वेळ-अवेळ न बघता निघायचं. तिची आधीची गाडीही डिझेलचीच. मागच्या महिन्यात चढावरच्या चिखलात ती मागे घसरत गेली आणि दरीच्या कडेला झाडावर आपटून थांबली. लेक वाचली, गाडी भंगारात गेली. मी पसंत करीन त्याच गाडीतून जायचं, नाहीतर नोकरी सोडायची, असं बाबांनी निक्षून सांगितलं. तिला नवल वाटलं होतं. एरवी ती कितीही उशिरा परतली तरी बाबा आपले ढाराढूर झोपलेले असायचे.

आणि आता हेच बाबा फिरून फिरून त्या डिझेलच्या खटाऱ्याकडे वळत होते. तो चढ आठवून ती मुद्दाम पेट्रोलच्या गाडीला टेकून उभी राहिली.

मेकॅनिकने जीव तोडून समजावलं. चिखलात मागची चाकं नुसती गरगरत बसली, तरी पेट्रोलच्या गाडीची पुढची चाकं तिला ओढून काढतात. बाबांनी मान डोलावली आणि विचारलं ते भलतंच.

"डिझेलची लांबूनसुद्धा ऐकू येते, नाही?"

"अहो, पार पलीकडच्या गल्लीतून. तीच तर तिची खोड," मेकॅनिक हसला.

बाबा हसले नाहीत. डिझेलच्या बॉनेटवर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. आता हे हिलाच हो म्हणणार, या भीतीने लेकीने श्वास रोखून धरला. मग त्यांनी हात काढून घेतला.

"पेट्रोलची द्या."

तिचा जीव भांड्यात पडला. ती किल्ली आणायला ऑफिसकडे वळली, तेव्हा मागे बाबा मेकॅनिकला हळूच विचारत होते, "हिच्या सायलेन्सरला एखादं भोक पाडून द्याल का? पोरगी घराच्या वळणावर आली की मला ऐकू यायला हवं. दिवा मालवून झोपेचं सोंग घ्यायला तेवढा वेळ लागतो."