टेकडीवरची चौकी

माजी सैनिकांना निम्म्या फीत ऑनलाइन पदवी मिळते म्हणून हवालदारकाकांनी साठीत कॉलेजला नाव घातलं. इतिहासाच्या पेपरात प्रश्न आला, टेकडीवरची चौकी शत्रूच्या हाती का गेली? काकांनी लिहिलं, 'दोन दिवस वायरलेसवर दारूगोळा मागत होतो. साहेबांनी पाठवला नाही.' मार्कांच्या जागी भोपळा मिळाला. त्यांनी तडक इतिहासाच्या बाईंना फोन लावला.

"काका, जवान घाबरून पळाले असं पुस्तकात आहे. तुमच्या उत्तराला संदर्भच नाही."

"अहो, मी होतो तिथे!"

"पण पुस्तक तेव्हाच्या मेजरसाहेबांनीच लिहिलंय."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फेरपरीक्षेत त्यांनी तेच उत्तर लिहिलं आणि खाली, संदर्भ म्हणून, चौकीवरच मेलेल्या अकरा जणांची नावं लिहिली.