हुकूम कुणाचा?

पूल शत्रूच्या हाती गेला आणि विरोधकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. "जनरल भित्रे निघाले! ऐन वेळी पायाला पाय लावून पळाले!" जन्मात कुणाला पाठ न दाखवलेल्या जनरलसाहेबांच्या हे फार जिव्हारी लागलं. चौकशी समितीसमोर ते कडाडले,

"माघारीचा हुकूम माझा नव्हताच! शेवटचा माणूस पडेपर्यंत लढा, असंच मी बजावलं होतं. तिथल्या मेजरने परस्पर तुकडी मागे आणली."

विरोधकांनी आरोप मागे घेतला. अध्यक्षांनी सर्वांदेखत माफी मागितली, आणि रेडिओवरून हे साऱ्या देशाने ऐकलं.

छाती फुगवून जनरलसाहेब घरी आले, तर दारात धाकटी बहीण उभी. तिचा एकुलता एक मुलगा त्याच तुकडीतून सुखरूप परतला होता. तेव्हापासून "माझ्या दादाने पोराला वाचवलं" असं ती भेटेल त्याला सांगत सुटली होती. आज रेडिओ ऐकून ती तडक इकडे आली होती.

"ऐकलंस ना? सगळ्यांची तोंडं बंद केली!" जनरलसाहेब म्हणाले.

 

"ऐकलं. दादा, त्या मेजरांचं घर कुठे आहे रे? मला जाऊन त्यांचे पाय धरायचेत."