मोडकं विमान

बहिणीने बुटांचं खोकं टेबलावर ठेवलं आणि धुळीने दोनदा शिंकली. "दादा, बघ माळ्यावर काय सापडलं."

दादाने मान वळवली नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो असाच खिडकीशी बसून असायचा, उजवा हात उशीवर टाकलेला. माणूस घड्याळजी, केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने बसवणारा. आता त्याचीच बोटं त्याचं ऐकेनाशी झाली होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, हे सुरुवातीचे महिनेच काय ते कामाचे; आत्ता त्याने स्वतःहून हात चालवला नाही तर पुढे तो चालायचा नाही. त्यांनी मऊ चेंडू दिला, कपड्यांचे चिमटे दिले. दादाने सगळं बाजूला सारलं. "मला बालवाडीत घातलंय का?" तेव्हापासून बाई यायच्या, चहा प्यायच्या आणि जायच्या.

बहिणीने झाकण काढलं. आत त्याने शाळेत असताना बनवलेलं विमान होतं. हलक्या लाकडाच्या काड्या, वर पातळ पिवळा कागद, नाकावर पंखा, पोटात पीळ द्यायचं रबर. एका पंखाचे तुकडे झालेले, शेपटी सुटलेली, रबराचा तर भुगाच.

"पाण्याच्या टाकीवर आपटलं होतं," दादा म्हणाला.

कित्येक दिवसांत तो आपणहून बोलला नव्हता. बहीण जागची हलली नाही.

"शेपटी तू धरली होतीस, चिमे. मी सांगायच्या आधीच सोडलीस."

"माझी बोटं दुखायला लागली होती. तुझा पीळ संपतच नव्हता."

"लांब उडायचं तर पीळ नको?"

इतक्या वर्षांनी हे भांडण निघालं, आणि तिला इतकं बरं वाटलं की तिने ते मुद्दाम ताणलं. मग बाकीचंही निघालं. विमान बनत होतं तेव्हा जेवणाचं टेबल त्यानेच अडवलं होतं आणि घरदार जमिनीवर बसून जेवत होतं. वडील कुरकुरले, तर आईने त्यांनाच दटावलं होतं, त्याच्या कामाला कुणी हात लावायचा नाही म्हणून. दादा हसला. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसला.

त्याने डाव्या हाताने एक काडी टेबलावर ठेवली. मग उजवा हात उचलून काडीशेजारी आणून ठेवला आणि वाट बघत बसला. कपाळावर घाम आला. अंगठा हलला, त्याच्यामागून शेजारचं बोट. काडी निसटली, पुन्हा निसटली, आणि मग चिमटीत राहिली. उचलता आली नाही, पण राहिली.

"गोंद आणशील?" तो म्हणाला. "पातळ आण. घट्ट चालत नाही, वजन वाढतं. उद्या बसतो मी. आधी पंख घेऊ."

बहिणीने धावत स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. आईने डोळ्यांना पदर लावला. म्हातारीचा जीव सगळा त्या लेकात. त्याचा हात बटणाकडे जायच्या आत हिने शर्टाची सगळी बटणं लावलेली असायची. "जरा करू दे गं त्याला त्याचं त्याचं," असं बहिणीने किती वेळा म्हणून पाहिलं असेल. "माझ्या डोळ्यांदेखत धडपडू देऊ होय?" हे आईचं ठरलेलं उत्तर.

दुसऱ्या दिवशी बहीण गोंदाची बाटली घेऊन आली, तेव्हा विमान टेबलाच्या मधोमध उभं होतं. अख्खं.

पंख चिकटवलेला. जोडाजोडावर घट्ट गोंदाचे थेंब वाळलेले. फाटक्या कागदावर कुठल्याशा भेटवस्तूच्या वेष्टनाची ठिगळं, आणि रबराच्या जागी पायजम्याचं इलॅस्टिक.

"पहाटेच उठून बसले," आई म्हणाली. बिचारीचा चेहरा नुसता फुलला होता. "म्हटलं, तुझ्या बोटांना कशाला त्रास. आता नुसतं बघत बसायचं."

बहिणीच्या तोंडाशी काय काय आलं. पण आईच्या वाकड्या झालेल्या बोटांना गोंदाचे पापुद्रे चिकटले होते, ते तिला दिसले आणि सगळं तिने गिळून टाकलं. आरडाओरडा करायचा तरी कुणावर?

दादा विमानाकडे बराच वेळ बघत होता.

"छान झालंय, आई."

"आपण परत मोकळं करू, दादा," बहीण घाईघाईने म्हणाली. "ओल्या फडक्याने गोंद सुटेल. पंखापासून घेऊ, तू म्हणालास तसं."

"कशाला? झालंय की."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तिला धीर आला असता. त्याने डाव्या हाताने उजवा हात टेबलावरून उचलला आणि पुन्हा उशीवर नेऊन ठेवला.

आई वाटीत दूध आणि पाव घेऊन आली. एवढे दिवस, सांडत-लवंडत का होईना, तो डाव्या हाताने आपलं आपण खात आला होता. आईने चमचा पुढे केला की मान फिरवायचा. आईने पाव दुधात बुडवला, चमच्याखाली तळवा धरला आणि चमचा त्याच्या ओठांशी नेला.

दादाने तोंड उघडलं.