चार बोटं

"ह्याला अंगठा कुठाय, बाई?"

टांकसाळीतले मुख्य नक्षीकार टेबलावर वाकले होते. समोर थाळीएवढी प्लास्टरची चकती, तिच्यावर फांदीला लोंबकळणारं माकड. जगभरातल्या माकड-वानरांवर बारा नाण्यांचा संच निघायचा होता, त्यातलं हे शेवटचं. दुपारी चकती यंत्रावर चढणार होती. यंत्राची सुई तिच्यावरून फिरत तेच चित्र लहान करून पोलादी ठशात कापणार. ठसा कापला की मग फेरफार नाही.

"चारच बोटं! पाचपर्यंत मोजता येतं ना?" हे त्यांनी मागे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. ठसे घासणारे दोघे हसले. हसणं भागच होतं.

चकती जिने घडवली ती त्यांची सहायक हात पुसत उभी राहिली. तीन रविवार ती प्राणिसंग्रहालयात या माकडाच्या पिंजऱ्यासमोर बसली होती. या जातीला अंगठा नसतोच. चार लांब बोटांचा आकडा करून ते फांदी धरतं आणि सोडतं. अंगठा असता तर मध्येच अडकला असता. संग्रहालयाच्या संचालकांनी तसं पत्रही दिलं होतं. ते फायलीत होतं आणि खाली 'पाहिले' म्हणून मुख्य नक्षीकारांचीच सही होती.

"सर, या माकडाला—"

"मला माकडं शिकवू नका. तीस वर्षं झाली मला इथं. गोरिला, ओरांगउटान, गिबन, सगळे या हाताखालून गेलेत."

हाताखालून गेले होते, हे खरं. अकराही चकत्या तिनेच केल्या होत्या. नाण्याच्या कडेला ते घडवणाऱ्याची दोन अक्षरं असतात. अकराही नाण्यांवर ती त्यांची होती. या बाराव्यावर तिने पहिल्यांदाच स्वतःची घातली होती, शेपटीच्या वळणात, वाटाण्याएवढी.

"आणि हे काय?" त्यांची नजर तिथे गेली. त्यांनी पातं उचललं, दोनदा खरवडलं आणि भुकटी फुंकली. ती तिच्या बाहीवर येऊन बसली. "नाव काढायची एवढी घाई? आधी हात काढायला शिका."

त्यांनी प्लास्टर कालवलं, पात्याच्या टोकावर घेतलं आणि माकडाच्या तळव्याला अंगठा चिकटवला. क्षणभर तो राहिला. मग टपकन टेबलावर पडला. मागून एक हसू चुकून निसटलं.

"बघत काय उभ्या राहिलात? कशाला ठेवलंय तुम्हाला?"

कोरड्या प्लास्टरवर ओलं प्लास्टर धरत नाही, त्यातलं पाणी कोरडं पिऊन टाकतं. पहिल्या महिन्यात शिकायची गोष्ट. टेबलावरच्या त्या पांढऱ्या तुकड्याकडे बघत ती म्हणाली, "सर, एकदा फाइल बघून घ्या. सोमवारी प्राणिसंग्रहालयाचे संचालक स्वतः येणारेत. पहिलं नाणं त्यांच्याच हातात द्यायचंय."

"मग? ते नाणं बघतील आणि माझं नाव घेतील. तुमचं कोण विचारतंय? पाणी आणा."

तिने पाणी आणलं. ब्रशने तळवा भिजवला, थांबली, पुन्हा भिजवला. प्लास्टर पाणी पिऊन तृप्त होईपर्यंत तिने घाई केली नाही. या वेळी अंगठा धरला. जोड तिनेच गुळगुळीत केला, पेर दाखवलं, छोटंसं नखही काढलं. अंगठा सुरेख झाला. फांदी धरलेला तो हात मात्र तिला ओळखू येईना.

"आता कसा माणसाच्या हातासारखा दिसतो!" मुख्य नक्षीकार म्हणाले आणि शेपटीच्या वळणात, खरवडलेल्या जागी, आपली अक्षरं कोरायला लागले.

ती बाजूला उभी राहून बघत होती. मग तिने आपल्या हत्यारांतलं सगळ्यांत बारीक, कालच धार लावलेलं हत्यार काढलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं.

"यानं कोरा, सर. आणि खोल कोरा. नाणं लहान आहे, अक्षरं पुसट यायला नकोत."